शेऱ्याची रिकामी ओळ

५ सप्टेंबर

चि. भिंगरी,

आशीर्वाद. तुझं पहिलं पत्र पोचलं. फोन महिन्यातून एकदा, तोही पंधराच मिनिटं, असा या मुलांची अदलाबदल करणाऱ्या संस्थेचा नियम आहे. त्याने म्हणे मुलांचं मन परक्या घरात लवकर रमतं. पत्रांवर मात्र बंदी नाही. आजकाल कोणी पत्र लिहितं हे नियम करणाऱ्यांच्या ध्यानातच आलं नसावं. तेव्हा लिहीत जा. पोचायला नऊ-दहा दिवस लागतात, लागू देत.

तू वर्षभरासाठी परदेशी काकूंच्या घरी गेलीस आणि त्यांची लेक आपल्या घरी आली. तुझ्या खोलीत आता ती पाहुणी झोपते. पहिले आठ दिवस माझ्या पावलाच्या आवाजानेही दचकायची. आता "मावशी, मी मदत" म्हणत ओल्या फडक्याने पेले पुसते आणि ते होते त्याहून ओले करून ठेवते. तुझ्या बाबांनी तिला बुद्धिबळाला बसवलंय. ते घड्याळं दुरुस्त करणारे, त्यांना घाई म्हणजे काय ते माहीत नाही. ही दुसऱ्याच खेळीला वजीर बाहेर काढते आणि घालवून बसते. म्हणून त्यांनी तिचं नाव वजीरबाई ठेवलंय. तिला त्याचा अर्थ सांगितला तर खूश झाली.

नियमांची पुस्तिका मला मिळाली आहे, तिकडे काकूंनाही मिळालीच असेल. साडेसातच्या आत घरी. कोणी भेटायला आलं तर खोलीचं दार उघडं. वर्षभर प्रेमप्रकरण नाही, सापडलं तर रवानगी. दर महिन्याला मी वीस प्रश्नांचा तक्ता भरून पाठवायचा. त्यातला अकरावा प्रश्न वाचून तुझे बाबा हसले. ‘विद्यार्थिनीचे कोणाशी प्रेमसंबंध असल्याचे आपल्या निदर्शनास आले आहे काय? होय / नाही.’ आणि खाली शेऱ्यासाठी एक ओळ. म्हणाले, "आपल्या वेळी हा तक्ता असता तर तुझ्या वडिलांनी शाईची बाटली संपवली असती." यात हसण्यासारखं काय आहे? बावीस वर्षं मी प्रयोगशाळेत रक्ताच्या काचपट्ट्या बघते आहे. दिसलं ते लिहायचं, दिसलं नाही ते लिहायचं नाही.

तू मात्र जपून राहा. तुम्ही दोघी जोडीने धरल्या आहात. एकीला परत पाठवलं की दुसरीचीही जागा जाते. दोन वर्षं मुलाखती देऊन मिळवलेली जागा आहे ही. वर्ष पूर्ण झाल्याचा दाखला हातात आला की तुझा आर्किटेक्चरचा प्रवेश पक्का, नाहीतर पुन्हा पहिल्या पायरीवर.

तुझी आई


१७ सप्टेंबर

प्रिय आई,

काकूंचं कपडे धुण्याचं दुकान घराच्या खालीच आहे. सकाळी सहाला मशीनं सुरू झाली की माझा पलंग थरथरतो, त्यामुळे गजराची गरज नाही. खोलीच्या दाराच्या चौकटीवर पाहुणीच्या उंचीच्या रेघा आहेत, प्रत्येकीपुढे वय लिहिलेलं. काकूंनी आल्या आल्या मला तिथे उभं केलं आणि माझीही रेघ मारली. अठरा वर्षांची मी तिच्या चौदाव्या वर्षाएवढी भरले. बाबांना सांग, हा त्यांच्याच घराण्याचा प्रसाद.

कॉलेजातून आल्यावर मी तासभर दुकानात बसते. काकूंचा तिथे एकच नियम आहे. खिसे तपासल्याशिवाय कपडा मशीनमध्ये जात नाही, आणि खिशात जे सापडेल ते पाकिटात घालून कपड्यासोबत परत जातं. जुनी तिकिटं, गोळ्या, किल्ल्या. परवा एका कोटात घडी घातलेली चिठ्ठी निघाली. मी उघडायला गेले तर काकूंनी हातावर हलकेच चापट मारली. "खिशातलं खिशात," म्हणाल्या.

तक्ता त्या जेवणाच्या टेबलावर माझ्यासमोर भरतात. एकेक प्रश्न मोठ्याने वाचतात. तू कुठे भरतेस?

वर्गात ओळखी होताहेत. गणिताला शेजारी बसणारा एकजण आहे, खूप उंच आणि कमी बोलणारा. तोही आमच्याच रस्त्याने घरी जातो. बाकी काही विशेष नाही.

तुझी भिंगरी


१४ ऑक्टोबर

चि. भिंगरी,

आशीर्वाद. तक्ता मी प्रयोगशाळेतच भरते, जेवणाच्या सुट्टीत. ज्याच्याबद्दल लिहायचं त्याच्यासमोर बसून कोणी रिपोर्ट लिहितं का?

तुला एक विचारायचं आहे. आपली पाहुणी तिच्या आईला पत्रातून काही कळवते का? तिच्या वर्गातला एक मुलगा आहे, निळ्या सायकलचा. दहा दिवसांत दोनदा ती आठ वाजता घरी आली. एकदा म्हणाली बस चुकली, एकदा म्हणाली ग्रंथालयात वेळ झाला. दोन्ही वेळा मी गॅलरीतून पाहिलं. सायकल हातात धरून तो तिच्याबरोबर चालत आला होता. कोपऱ्यापर्यंत आला, फाटकापर्यंत नाही. ज्याला फाटकापर्यंत यायचं धाडस होत नाही त्याच्या मनात काहीतरी असतंच.

तुझे बाबा म्हणाले, "मीसुद्धा तुमच्या कोपऱ्यापर्यंतच यायचो." मी म्हटलं, म्हणूनच तर मला कळतंय.

मुलगी वाईट नाही. माझी पाठ दुखत होती तर न सांगता बादल्या भरून ठेवल्या. पण बादल्या भरणं वेगळं आणि अकरावा प्रश्न वेगळा. मागच्या महिन्यात ‘नाही’वर खूण केली. या महिन्यात हात अडखळेल असं दिसतंय.

आणि तू त्या उंच मुलाबद्दल एक ओळ लिहून गप्प झालीस. अभ्यासात आहेस ना?

तुझी आई


२४ ऑक्टोबर

आई,

पत्र आत्ता मिळालं आणि आत्ताच लिहिते आहे, आजच्या टपालाने जावं म्हणून.

अकराव्या प्रश्नावर खूण करायच्या आधी तिला विचार. समोर बसव आणि विचार. मी उंटावरून शेळ्या हाकते आहे असं तुला वाटेल. वाटू दे. पण तिला विचारल्याशिवाय ‘होय’ लिहू नकोस. जमलं तर अजिबातच लिहू नकोस.

तिला परत पाठवलं तर मलाही यावं लागेल, हे तूच मला लिहिलं होतंस. मला यायचं नाही, आई. इथे ग्रंथालयात मला बसायला माझी अशी जागा झाली आहे. मी पहिल्यांदा एका इमारतीचा आराखडा पूर्ण काढला आणि सरांनी तो भिंतीवर लावला.

आणि काकूंच्या तोंडाकडे मला बघवणार नाही. का ते आत्ता विचारू नकोस. माझ्यावर एवढा एकदा विश्वास ठेव.

भिंगरी


४ नोव्हेंबर

चि. भिंगरी,

तुझं पत्र सोमवारी मिळालं. खरं सांगू, वाचून वाईट वाटलं. पाहुणीची बाजू घेतेस असं वाटलं होतं, खाली बघते तर तुझी जागा, तुझा आराखडा, तुझी भिंत.

मंगळवारी कामावरून सुटले आणि मोठ्या बसथांब्यावर ती दोघं दिसली. बाकावर बसली होती. तिचं डोकं त्याच्या खांद्यावर, तिचा हात त्याच्या दोन्ही हातांत, आणि ती रडत होती. मी समोरच्या फुटपाथवर औषधाच्या दुकानापाशी उभी राहिले. दोन बसा येऊन गेल्या तरी दोघं हलली नाहीत. मी हाक मारली नाही. घरी आल्यावर डोकं दुखतंय म्हणाली आणि न जेवता झोपली. नियम नसतानाही दार वीतभर उघडं ठेवून झोपली, हेही लिहिते, कारण तेही मी पाहिलं.

तुझे बाबा म्हणाले, "अगं, पोरीला विचार तरी." मी म्हटलं, काचपट्टीला कोणी विचारतं का, बाई, तुला आजार आहे का म्हणून? जे दिसतंय ते दिसतंय. ते पटावरच्या सोंगट्या आवरून उठून गेले. तेव्हापासून माझ्याशी धड बोललेले नाहीत.

आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, असं मला कोणी म्हणायला नको. पोटच्या पोरीची जागा राहावी म्हणून मी खोटं लिहिलं, तर उद्या कुठल्या तोंडाने रिपोर्टवर सही करू? आज दुपारी ‘होय’वर खूण केली आणि पाकीट टाकलं. शेऱ्याची ओळ रिकामी ठेवली. डोळ्यांनी पाहिलेल्यावर शेरा कशाला?

तुला राग येईल. परत यावं लागलं तर ये, तुझ्यासाठी हे घर आहेच. पण खोटेपणावर मिळालेला दाखला तुला पुरला नसता. पुढे पटेल तुला.

आई


१४ नोव्हेंबर

आई,

परवा संस्थेतून काकूंना फोन आला. तुझी खूण त्यांना वाचून दाखवली. काकू तेव्हा शर्टाला इस्त्री करत होत्या. फोन ठेवून त्यांनी तो शर्ट पुरा केला, घडी घातली, वर चिठ्ठी टाचली आणि मग स्टुलावर बसल्या. मला म्हणाल्या, "तुझी आई कडक आहे का गं?" मी हो म्हणाले. आज तुझं पत्र आलं.

आता सांगते, आणि तू पूर्ण वाच. सप्टेंबरच्या शेवटी मी आणि तो उंच मुलगा दुकानाच्या मागच्या जिन्यावर बसलो होतो. माझा हात त्याच्या हातात होता. काकू ओल्या कपड्यांची टोपली घेऊन वर येत होत्या. आम्ही उठायच्या आतच त्यांनी पाहिलं. मला वाटलं संपलं. त्यांनी टोपली खाली ठेवली आणि म्हणाल्या, "पायरी गार आहे, आत या." टेबलाशी समोरासमोर बसवलं, गरम सूप दिलं. त्याला विचारलं, घरी कोण कोण असतं, कुठे राहतोस. मला विचारलं, "तुला आवडतो का हा?" भीतीने मला खोटंसुद्धा सुचलं नाही. मी हो म्हणाले. म्हणाल्या, "मग भेटायचं ते या टेबलावर. जिन्यावर नाही."

महिनाअखेरीला तक्ता काढला. अकरावा प्रश्न मोठ्याने वाचला. होय-नाहीपैकी कशावरच खूण केली नाही. शेऱ्याच्या ओळीत लिहिलं, ‘मी तिला विचारलं आहे. मुलाला मी ओळखते. काळजी माझ्याकडे.’ संस्थेने पुढे काही विचारलं नाही.

काकूंनी हे तुझ्या पोरीसाठी केलं, आई. आणि तू त्यांच्या पोरीसाठी काय केलंस ते त्यांनी फोनवर ऐकलं.

ऑक्टोबरात मी हे सगळं लिहिलं असतं तर तू थांबली असतीस का, हाच विचार दोन दिवस करते आहे. लिहिलं नाही कारण मला तुझी भीती वाटत होती. तू तेही कुठल्यातरी रकान्यात भरलं असतंस.

भिंगरी


२५ नोव्हेंबर

भिंगरी,

तुझं पत्र काल प्रयोगशाळेत वाचलं. दोनदा वाचलं. समोर काचपट्ट्या होत्या, पण भिंगातून काही दिसेना. आजारी आहे असं सांगून मी घरी आले. बावीस वर्षांत तसं सांगून घरी येण्याची ही दुसरी वेळ. पहिली तुझ्या जन्माची.

ती एकटीच पटासमोर बसली होती. मी समोर बसले आणि विचारलं. बैल गेला नि झोपा केला, ते मला कळत होतं. तरी विचारलं. तिच्या मोडक्यातोडक्या बोलीत ती जे म्हणाली ते तसंच लिहिते.

"हो मावशी, मला तो आवडत होता. पण पुस्तकात नाही म्हटलंय. आणि बस चुकली सांगून मी तुझ्याशी खोटं बोलते, ते मला वाईट वाटतं. म्हणून त्या दिवशी त्याला सांगितलं, आता भेटायचं नाही. म्हणून रडले."

बसथांब्यावर मी पाहिलं ते हे होतं, भिंगरी. पोरगी माझ्यासाठी त्याला सोडत होती आणि मी औषधाच्या दुकानापाशी उभी राहून पुरावा गोळा करत होते. काचपट्टीबद्दल संशय आला तर ती दुसऱ्याच्या नजरेखालून घातल्याशिवाय रिपोर्ट बाहेर जात नाही. हा नियम दर वर्षी नव्या मुलींना मीच शिकवते. माणसाच्या पोरीला मी तेवढीही सवलत दिली नाही.

आज सकाळी संस्थेच्या कचेरीत गेले. तिथले साहेब सज्जन आहेत, पण त्यांच्यासमोर फाईल होती. मी दुरुस्तीचं पत्र दिलं. माझ्या नोकरीत मला असं पत्र कधी द्यावं लागलं नव्हतं, त्याची मला घमेंड होती. साहेब म्हणाले, "बाई, आम्ही तिलाही विचारलं. ती हो म्हणाली. आता तुमच्या पत्राने काय होणार?" तिने तरी खोटं का बोलावं? माझ्या घरात राहिली ना.

शुक्रवारी तिचं विमान आहे. तुझ्याबद्दल साहेब म्हणाले की जोडी तुटली. तुला तिथे राहायचं असेल तर त्या घराने पंधरा दिवसांत नव्याने राजीखुशीने सही द्यायला हवी. "अशा वेळी कोणी देत नाही," असंही म्हणाले. मी काकूंना काय म्हणून विचारू?

तिची बॅग भरताना तुझ्या बाबांनी पटावरचा काळा वजीर तिच्या मोज्यात गुंडाळून ठेवला. मी म्हटलं, पट अपुरा होईल. तर म्हणाले, "खेळायचं कोणाशी आहे आता?"

मला माफ कर, असं लिहायला हात होत नाही. पण मनात दुसरं काही नाही.

आई


१२ डिसेंबर

आई,

ती आली. काकू तिला आणायला गेल्या तेव्हा मी माझं सामान दुकानाच्या मागच्या खोलीत हलवलं होतं, इस्त्रीच्या टेबलाशेजारी. तिने ते पाहिलं, माझी गादी उचलली आणि वर आपल्या खोलीत नेऊन टाकली. मात्र दोन दिवस माझ्याशी एक शब्द बोलली नाही. तुमचा वजीर खिडकीत उभा आहे.

संस्थेचा कागद अकरा दिवस फ्रिजवर पडून होता. काकू त्याच्याकडे बघायच्या आणि दूध काढून दार लावायच्या. मी विचारायची नाही. उंच मुलगा एकदा आला, टेबलाशी बसला, सूप अर्धं टाकून गेला. मी बॅग भरून ठेवली होती.

काल शेवटचा दिवस होता. जेवण झाल्यावर काकूंनी कागद काढला आणि आम्हा दोघींसमोर मोठ्याने वाचला. ‘सदर विद्यार्थिनीला आपल्या घरी ठेवण्यास आपण राजी आहात काय? होय / नाही.’ मग पेन आपल्या मुलीसमोर सरकवलं. म्हणाल्या, "खोली तुझी आहे. तू सांग."

आई, तिने पेनचं टोपण काढलं, पुन्हा लावलं. मी तिच्या जागी असते तर काय म्हणाले असते ते मला माहीत आहे, आणि ते चांगलं नाही. शेवटी ती म्हणाली, "राहू दे तिला. कोणाचं तरी वर्ष पुरं होऊ दे." काकूंनी ‘होय’वर खूण केली आणि सही केली.

मला आनंद झाला नाही. मी खाली दुकानात गेले आणि उद्याच्या कपड्यांचे खिसे तपासत बसले. थोड्या वेळाने ती खाली आली आणि दुसरी टोपली ओढून माझ्या शेजारी बसली.

त्या कागदावरही शेऱ्याची ओळ आहे. काकूंनी ती रिकामी ठेवली. कागद तुझ्या सहीसाठी तिकडे येतो आहे. मी म्हटलं, तुम्ही काही लिहिलं नाहीत? म्हणाल्या, "माझं लिहून झालंय. ती ओळ तुझ्या आईची."

भिंगरी


२३ डिसेंबर

चि. भिंगरी,

आशीर्वाद. कागद परवा आला. हे पत्र काकूंना आणि त्यांच्या लेकीला वाचून दाखव. तुला जमेल तशा त्यांच्या भाषेत सांग, पण काही गाळू नकोस.

काल आणि आज जेवणाच्या सुट्टीत तो कागद प्रयोगशाळेत समोर घेऊन बसले. एक अक्षर सुचलं नाही. मग संध्याकाळी घरी आणला, जेवणाच्या टेबलावर ठेवला आणि तुझ्या बाबांना समोर बसवलं. एकेक प्रश्न मोठ्याने वाचला. त्यांच्या शेजारी पाहुणीची खुर्ची होती. ती अजून कोणी भिंतीला लावलेली नाही. सही जरा वेडीवाकडी झाली आहे. साहेबांना चालली नाही तर पुन्हा करीन.

शेऱ्याच्या ओळीत लिहिलं, ‘या बाईंनी माझ्या मुलीला विचारलं. मी त्यांच्या मुलीला विचारलं नाही. चूक माझी आहे, मुलीची नाही. तिच्या फाईलला हे जोडावं.’ एका ओळीत मावलं नाही, समासात गेलं. बाबा म्हणाले, जाऊ दे. साहेबांना मी सांगणार आहे की ते जोडल्याशिवाय मी तिथून उठणार नाही. त्याने तिचं वर्ष परत येणार नाही, हे मला माहीत आहे. पण पुढच्या वर्षी तिने पुन्हा अर्ज केला तर कागद तिच्या बाजूने बोलेल. तिला यायचं असेल तर हे घर आहे. नको वाटलं तर तेही बरोबर आहे. बाबांनी पटावर वजिराच्या जागी एक जुनं बूच ठेवलंय आणि एकटेच खेळतात.

काकूंना माझा नमस्कार सांग. त्याहून जास्त काही म्हणायची माझी लायकी नाही.

पुढचं फक्त तुझ्यासाठी आहे, वाचून दाखवू नकोस. तो उंच मुलगा अजून येतो का गं टेबलावर? तुला तो अजून आवडतो का? मी विचारते आहे. कुठे लिहिणार नाही.

तुझी आई